टीसीपी ऑप्टिमायझर वापरून नेट खरंच फास्ट होतं का? (ठाणे, घोडबंदर रोडवरून रिव्ह्यू)

आधीच सांगून टाकते, विंडोज १० किंवा ११ असेल, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये कोणी हात घातलेला नसेल, आणि नेट स्लो वाटतंय म्हणून हे टूल शोधत असाल तर फारसं काही हाती लागणार नाही. तरीपण मी ह्याला वाईट म्हणणार नाही, कारण एका लॅपटॉपवर ह्याने जे केलं ते बघून मी गप्पच झाले, ते पुढे सांगते.

स्पीडगाइड नावाची जुनी साइट आहे, त्यांचं हे टूल. टीसीपी म्हणजे नेटवर डेटा पोच घेत घेत पाठवायची पद्धत, तिच्या विंडोजमधल्या सेटिंग हे बदलतं. फुकट आहे, इन्स्टॉलची भानगड नाही, छोटीशी फाइल उतरवायची आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची. वर स्लायडर आहे त्यावर आपल्या प्लॅनचा स्पीड लावायचा, नेटवर्क कार्ड निवडायचं, खाली ‘ऑप्टिमल’ करून अप्लाय, मग रीस्टार्ट. दिसायला अगदी एक्सपीच्या काळातलं वाटतं, पण बदल करायच्या आधी बॅकअप घेता येतो आणि तिथेच ‘विंडोज डिफॉल्ट’चं बटण पण आहे, म्हणजे घोळ झाला तर मागे येता येतं. बाकीचे ते ‘एका क्लिकमध्ये इंटरनेट डबल’वाले बूस्टर असतात ना, ते काय बदलतात ते सांगतच नाहीत, इथे प्रत्येक सेटिंग समोर दिसते.

आता लॅपटॉपची गोष्ट. भावोजी ऐरोलीला राहतात, त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता. स्पीडटेस्टला मस्त आकडा यायचा, पण कामाच्या फाइली अमेरिकेतल्या सर्व्हरवरून उतरवायच्या म्हटलं की सेकंदाला तीनशे केबीच्या वर काटा हलायचा नाही. नेटवाल्याला फोन केला की तो म्हणणार स्पीडटेस्ट करून दाखवा, आणि त्यात तर सगळं ठीकच. म्हटलं घेऊन या इकडे. टूल उघडलं तर विंडो ऑटो ट्यूनिंग ‘डिसेबल्ड’! आधीच्या मालकाने कुठलंतरी ट्वीक वाचून बंद करून ठेवलेलं असणार.

हे ऑटो ट्यूनिंग म्हणजे काय, तर पोच मिळायच्या आधी समोरचा सर्व्हर एका दमात किती डेटा पाठवू शकतो ती मर्यादा विंडोज गरजेप्रमाणे वाढवत नेतं. व्हिस्टापासून हे आपोआप होतं. बंद केलं की ती मर्यादा साधारण ६४ केबीवर अडकते. मुंबईतला सर्व्हर असेल, पिंग (म्हणजे तिथे जाऊन परत यायला लागणारा वेळ) ४ मिलिसेकंद, तर एवढ्यातही एका कनेक्शनला १३० एमबीपीएसपर्यंत जाता येतं, आणि स्पीडटेस्ट तर एकदम बरीच कनेक्शनं उघडतं त्यामुळे त्यात काहीच कळत नाही. पण अमेरिकेचं पिंग २२० धरलं तर तोच हिशोब २.४ एमबीपीएसवर येतो, आठ बिटांचा एक बाइट धरला की बरोब्बर तेच तीनशे केबी. प्लॅन ५०० एमबीपीएसचा घेतला असता तरी एवढंच आलं असतं. ‘विंडोज डिफॉल्ट’ मारलं, रीस्टार्ट केलं, आणि तीच फाइल सुसाट उतरली. गंमत बघा, ऑप्टिमायझरचा खरा उपयोग झाला तो जुनं ऑप्टिमायझेशन काढून टाकायला.

माझ्या स्वतःच्या पीसीवर ‘ऑप्टिमल’ लावून बघितलं, आधी आणि नंतर आकडे तेच. एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट जातात त्याचा, टॅब मात्र कामाचा वाटला. आमचं कनेक्शन पीपीपीओई आहे, म्हणजे युजरनेम पासवर्डवालं, त्यात १५०० मधले ८ बाइट तिकडेच खर्च होतात आणि उरतात १४९२, टूलनेही तेच दाखवलं. बहुतेक राउटर हे स्वतःच सांभाळून घेतात, पण काही साइट अर्धवट उघडून लटकत असतील तर हे तपासाच. आणि ते ‘विंडोज २० टक्के नेट स्वतःसाठी राखून ठेवतं’ वालं प्रकरण अजून फिरतंय, ते सोडून द्या, कोणी प्रोग्रॅमने मागितलंच नाही तर ते राखलं जातच नाही.

आमच्याकडे खरा फरक कशाने पडला ते पण लिहिते. नेटवाल्याने राउटर दाराशी चपलांच्या कपाटात बसवला होता, वायर वाचवायला. टॉवरमध्ये राहतो, २.४ गिगाहर्ट्झवर फोन उघडला की खालपासून वरपर्यंत शेजाऱ्यांचीच वायफाय, आणि त्या बँडवर एकमेकांत न घुसणारे चॅनल फक्त तीन, १, ६ आणि ११. राउटर हॉलमध्ये उघड्यावर आणला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाकला आणि बेडरूममधली रड संपली. केबल लावूनसुद्धा स्पीड ९४-९५ एमबीपीएसवरच अडकत असेल आणि प्लॅन त्याच्या वरचा असेल तर सेटिंग बघतच बसू नका, बहुतेक लॅन केबल किंवा राउटरचा पोर्ट १०० वर चालतोय, आतल्या आठ वायरींपैकी एखादी तुटली तरी असं होतं.

गेमवाल्यांसाठी एकच. टूलमध्ये नेगलचा (छोटे छोटे तुकडे थांबवून एकत्र पाठवायची पद्धत बंद करायचा) पर्याय आहे तो टीसीपीपुरताच, आणि शूटिंगवाले बरेचसे गेम यूडीपीवर, म्हणजे पोचेची वाट न बघणाऱ्या दुसऱ्या पद्धतीवर, चालतात, त्यामुळे पिंग तिथून कमी व्हायचं नाही. भाचा दोन दिवस त्यातच डोकं घालून बसला होता, शेवटी केबल ओढून दिली त्याला.

पाचपैकी साडेतीन. फक्त त्यांच्याच साइटवरून घ्या, ह्याच नावाच्या भलत्या फाइली पण सर्चमध्ये येतात.