जुन्या वाड्याची भिंत: चुना की सिमेंट?

गवंडी सिमेंटच सुचवणार, हे धरून चाला. त्याचा हात त्यावर बसलेला, पोतं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, काम चार दिवसांत आटोपतं. आमच्या वाड्यालाही भिंतीच्या खालच्या पट्ट्यात तेच केलं. पहिलं वर्ष भिंत गुळगुळीत. तिसऱ्या पावसाळ्यात सिमेंटच्या पट्ट्याच्या वर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटला. ढलपा काढला, तर आतली वीट बोटाने चुरत होती.

जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत चढतंच. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन निघून जातं. सिमेंटने ती वाट अडली की ओल आणखी वर चढते आणि क्षार सोबत नेते. शिवाय सिमेंट जुन्या विटेहून कडक. भिंत जरा हलली की वीट फुटते. चुन्यात आधी सांधा झिजतो, आणि दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, पुन्हा भरता येतात. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं, पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ चा. त्या काळच्या भिंतींना सिमेंटची सवय कुठून असणार?

चुन्याचे तापही कमी नाहीत. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, पाण्यात विरवून निदान काही आठवडे भिजत ठेवायची, मग वाळू किंवा सुरखी (विटांची भुकटी) घालून मळायची. पूर्वी यासाठी बैलाची घाणी असे. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांचं प्रमाण दर कारागिराचं वेगळं, आणि मुळात असा कारागीर शोधण्यातच महिना जातो. थर पातळ द्यायचे, रोज पाणी शिंपडायचं. वैशाखाच्या उन्हात तडे जातात, पावसात ओला चुना वाहून जातो. म्हणून दिवाळीनंतरच हात घाला. मजुरीमुळे खर्च सिमेंटहून जास्त येतो, हेही आधीच धरा.

तरी जुन्या भिंतीला मी चुनाच लावेन. सिमेंट नव्या, स्वतंत्र न्हाणीघरापुरतं ठीक.

पण दोन्हींच्या आधी पन्हाळ आणि कौलं बघा, भिंतीत गेलेल्या तुळईच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पावसाळ्यात काच तडकली, तर गिलाव्याचं राहू द्या, आधी पाया बघायला अभियंता बोलवा.