खोट्या रिव्हेटांचा बॉयलर आणि माझे ५७,३०० रुपये

वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीसाठी रिव्हेट मारलेला पोलादी बॉयलर देतो, असे सांगून माझ्याकडून ५७,३०० रुपये घेण्यात आले: ५,००० विसार, ३०,००० काम अर्धे झाल्यावर, १८,५०० माल निघण्यापूर्वी आणि ३,८०० रत्नागिरीपर्यंतचे भाडे. पैसे असे टप्प्याटप्प्याने कसे काढून घेतात, ते सर्वांना ठाऊक आहे. मी अडाणी नाही. मिरकरवाडा बंदरात सव्वीस वर्षे मच्छीमार नौकांची डिझेल इंजिने दुरुस्त करतो आहे. परंतु वडील आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकत असत, त्यांच्या आठवणीसाठी यंदा गणपतीच्या आराशीत वाफेवर चालणारे इंजिन ठेवायचे होते, आणि त्या ओढीत मी डोळे मिटले.

थांबायची वेळ ३०,००० पाठवण्याच्या आदल्या रात्री आली होती. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोत रिव्हेटांच्या दोन सरळ ओळी होत्या, पण एका पत्र्यावर दुसरा पत्रा चढल्याची कड कुठेच नव्हती. रिव्हेट दोन पत्रे धरून ठेवतो. कडच नसेल, तर त्याने धरले काय? मी विचारलेसुद्धा. "काका, पत्रे समोरासमोर आहेत, पट्टी आतून मारली आहे," असे उत्तर आले. तशी जोडणी खरोखरच असते, म्हणून मी गप्प बसलो. आतल्या बाजूचा फोटो मागितला असता, तर तिथेच सगळे उघडे पडले असते. खऱ्या रिव्हेटाला दोन्हीकडे डोके असते. ते आतून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

माल आल्यावर काळा रंग खरवडला, तर रिव्हेटांची डोकी एपॉक्सी गोंदाने चिकटवलेली निघाली. बॉयलरच्या माथ्यावरच्या घुमटाच्या भोकातून आरसा घातला. आत काहीच नव्हते, पातळ नळाच्या दोन तोंडांना झाकणे वेल्डिंग केलेली होती. कामाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो सांगितला होता, म्हणून दुप्पट म्हणजे १० किलोपर्यंत हातपंपाने पाण्याची चाचणी घेऊ लागलो, तर २ किलोलाच वेल्डिंगमधून पाणी फुटले. आराशीभोवती वाडीतली मुले उभी राहणार होती.

तक्रार घेऊन गेलो, तर वस्तू मिळाली आहे, हा दिवाणी वाद आहे, असे पोलिसांनी सांगितले. चार दिवसांनी बोलावले, त्या दिवशी साहेब बंदोबस्तावर होते. पुन्हा गेलो, तर पहिला अर्जच सापडेना. बँकेने सांगितले की पैसे तुम्हीच पाठवले आहेत. बॉयलर तपासणीच्या कार्यालयात तर २५ लिटरांपेक्षा कमी क्षमतेचे भांडे कायद्याने बॉयलर ठरत नाही, एवढेच ऐकवले. माझे ९ लिटरांचे आहे. कायदा तसाच आहे, हे मी मान्य करतो. पण ९ लिटरांतल्या वाफेने माणूस भाजत नाही का, याचे उत्तर त्या टेबलावर कोणाकडेही नव्हते.

पैसे गेल्याचे कळताच, त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. मी लाजेपोटी अकरा दिवस घालवले. चाचणीच्या व्हिडिओत कॉम्प्रेसरचा आवाज असेल, तर ती चाचणी मानू नका, कारण दाबलेल्या हवेने भांडे फुटले तर तुकडे उडतात. चाचणी पाण्याचीच हवी. आपल्या खाऱ्या हवेत पोलाद लवकर गंजते, तेव्हा पत्र्याची जाडीही लेखी घ्या.

ते भांडे मी उभे कापून दुकानात ठेवले आहे. असा बॉयलर घ्यायचा विचार असेल, तर आधी येऊन ते आतून बघून जा.