दांडिया बाजारातला लोड आणि कुशीवरची झोप

मार्चमध्ये घरीच झोपेची तपासणी केली. उताणं असताना श्वास तासाला सरासरी 24 वेळा अडखळत होता, कुशीवर फक्त 7 वेळा. डॉक्टर म्हणाले, पाठीवर झोपलं की जीभ आणि मऊ टाळू मागे घसरतात, घशातली वाट अरुंद होते. आधी कुशीवर झोपायची सवय लावा.

पन्नास वर्षं उताणं झोपलेल्याने ती लावायची कशी? उताणं होऊ नये म्हणून पाठीवर बांधायचा पट्टा ऑनलाइन मागवला, तो मध्यरात्रीपर्यंत फिरून पोटावर यायचा. मग जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून टेनिसचा चेंडू घातला. त्याने वळणं थांबलं, पण मणक्याला टोचून इतक्यांदा जाग यायची की आठ दिवसांत सोडून दिलं.

शेवटी बडोद्यातल्या दांडिया बाजारात एका जुन्या गादीवाल्याकडे गेलो. लोड हवाय म्हटलं, तर चाचा म्हणाले, "पहेलां सूई जाव, पछी माप." म्हणजे आधी झोपा, मग माप. मला तिथल्याच फळीवर कुशीवर निजवलं आणि खांद्याच्या टोकापासून कानापर्यंत टेप धरली: साडेपाच इंच. डोकं टेकल्यावर उशीची उंची तेवढीच उरायला हवी, नाहीतर मान लटकते आणि माणूस झोपेत पुन्हा उताणा होतो. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आत शेवरीचा कापूस भरला, त्यामुळे लोड हलका आहे. साडेचार फुटी लोड आणि उशी मिळून 1,650 रुपये.

सुरुवातीला लोड पाठीमागे ठेवायचो, तो झोपेत ढकलला जायचा. मग पुढून कवेत घेतला, वरचा गुडघा त्यावर टाकला. अंग किंचित पुढे कलतं, मागे वळणं होतच नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठलो तर घसा कोरडा नव्हता! किती वर्षांनी, आठवत नाही.

मे महिन्यात मात्र पंख्याखालीही छाती घामेजते. पावसाळ्यात कापूस दमट होतो, ऊन दिसलं की लोड गच्चीवर टाकावा लागतो. पहिले काही दिवस खालचा खांदा दुखतो, कूस बदलत राहा.

कुशीवरही आकडा मोठा असेल किंवा गाडी चालवताना डोळे मिटत असतील, तर कृपा करून लोडावर विसंबू नका. डॉक्टरांनी झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन सांगितलं असेल तर मशीनच लावा.

आणि माप द्यायला स्वतः जा. धाकट्या भावाने फोनवर कळवलं, त्याची उशी दोन बोटं उंच झाली. चाचांनी ती उसवून पुन्हा भरून दिली, पैसे घेतले नाहीत.