लंगोट, विकतचा डायपर की कापडी? आधी घरातलं पाणी मोजा

माझी चुलत बहीण सातव्या महिन्यात आहे. परवा तिचा फोन आला, "अक्का, सेल लागलाय. डायपरचे मोठे पुडे आत्ताच घेऊन ठेवू का?" मी विचारलं, "तुमच्याकडं नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?" ती म्हणाली, "मी डायपरचं विचारतेय गं, पाण्याचं काय मध्येच?"

डायपरच्या किमतीची बेरीज मोबाइलवर कुणीही करतं. पण सोलापुरात दोन पोरं वाढवल्यावर माझं मत असं झालंय, की बाळाला काय बांधायचं हे तीन गोष्टींवर ठरतं. घरात पाणी किती साठतं, धुणारे हात कुणाचे, आणि वाळत घालायची दोरी उन्हात येते का. पैशाचा हिशोब त्यानंतर. माझा थोरला जवळजवळ सगळा लंगोटावर वाढला, धाकटीच्या वेळी सगळंच थोडं थोडं वापरलं, त्यामुळं तिन्हीचं बरंवाईट हाताखालून गेलंय.

लंगोट

थोरल्याचे लंगोट आजेसासऱ्यांच्या धोतरांचे होते. वीस वर्षं धुतलेलं धोतर जितकं मऊ असतं तितकं मऊ कापड दुकानात मिळत नाही. सव्वा हाताचे डझनभर चौकोन एका धोतरातून सहज निघतात. कडा दुमडून टीप मारली की झालं, आणि टीप नाही मारली तरी बाळाचं काही अडत नाही. तिरकी घडी घालून त्रिकोण करायचा, दोन टोकं कमरेला, तिसरं पायांमधून वर. गाठ बेंबीच्या खाली, बाजूला. तयार मलमलचे घेतले तर तीस-चाळीस रुपयाला एक पडतो. पंचवीस-तीस लागतात, म्हणजे हजाराच्या आसपास.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिवसाला पंधरा ते अठरा लंगोट होतात. धुवायला एक बादली साबणाची, दोन बादल्या विसळायला, म्हणजे रोजचं पन्नास लिटर. आमच्या भागात पाणी पाचव्या दिवशी यायचं, तेही कधी रात्री दोनला. पाच दिवसांचे झाले अडीचशे लिटर. आपलं निळं बॅरल असतं दोनशेचं. म्हणजे एक अख्खं बॅरल बाळाच्या नावावर आणि वर दोन-तीन बादल्या. उजनी धरणाचं पाणी शंभर किलोमीटरहून जास्त अंतर कापून येतं आणि त्यातला एवढा वाटा लंगोटात जातो, हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा मी गप्पच झाले. रोज पाणी येणार, रोज येणार, हे आम्ही लग्न झाल्यापासून ऐकतोय. येईल तेव्हा हा परिच्छेद खोडा.

पाणी थोडं वाचवता येतं. शेवटच्या विसळणीचं पाणी फेकायचं नाही, दुसऱ्या दिवशीचे लंगोट त्यात भिजवायचे. साबणाचं पाणी संडासात ओतायचं. शीचा लंगोट आधी संडासात झटकून वेगळा भिजवायचा, नाहीतर एका लंगोटापायी सगळी बादली बदलावी लागते.

वाळण्याची मात्र इथं चैन आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर असताना मलमलचा लंगोट दोरीवर टाकून वळावं तोवर कडक. नीट धुऊन असल्या उन्हात वाळवलं की रोज जंतुनाशकात बुडवत बसायची गरज राहत नाही.

लंगोटाचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. बाळाला दूध पुरतंय का, हा नव्या आईचा कायमचा घोर असतो. पहिला आठवडा सरत आला की चोवीस तासांत निदान सहा वेळा तरी शू व्हायला हवी, डॉक्टर हेच विचारतात. लंगोटात ती मोजता येते. डायपरमध्ये तीन शू एकात मुरतात आणि आई अंदाज करत बसते.

आता तोटा. रात्र. दर दीड-दोन तासांनी ओलं, त्याखालचं दुपटं ओलं, दुपट्याखालचं मेणकापड सरकलं की गोधडी ओली. गोधडी धुवायला किती पाणी लागतं ते मी सांगत नाही.

दुसरा तोटा, बाहेर जाणं. थोरला सात महिन्यांचा असताना संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला गेलो. पिशवीत आठ लंगोट होते, मला वाटलं भरपूर झाले. होम मैदानावर पाळण्यांपर्यंत पोचेतो सहा संपले, थंडीनं पोरगं जास्तच शू करत होतं. शेवटी ह्यांच्या खांद्यावरचा टॉवेल चार पदरी करून बांधला आणि तसंच घरी आणलं. तो टॉवेल घरी येईपर्यंत गळला नाही. पुढं त्याचाच उपयोग झाला, ते खाली येतंच.

आणि धुणारे हात. माहेरी सव्वा महिना आई लंगोट धुते, आपल्याला ते दोरीवर पांढरेशुभ्र दिसतात आणि वाटतं, किती सोपंय. सासरी परतल्यावर बादली आपली. धुण्याभांड्याच्या मावशींना विचारून बघा, बहुतेक जणी लंगोटाचं धुणं घेत नाहीत, घेतलं तर वेगळे पैसे मागतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. माहेरच्या सव्वा महिन्यावरून पुढच्या दीड वर्षाचा निर्णय घेऊ नका. नवरा रोज एक बादली उचलणार असेल तर ते आत्ताच बोलून घ्या, बाळ झाल्यावर बोलायला कुणाला वेळ नसतो.

विकतचा डायपर

चांगल्या कंपनीचा डायपर मापाप्रमाणे आठ ते चौदा रुपयाला एक पडतो. दहा धरा. दिवसाला पाच म्हणजे पन्नास, महिन्याला दीड हजार, दोन वर्षं काढली तर छत्तीस हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. बाकी "अमुक टक्के सूट" बघू नका. पुड्याची किंमत भागिले आतले नग, एवढंच बघा. मोठा पुडा नगाला स्वस्त पडतो हे खरं, पण नवजात मापाचा मोठा पुडा घेणं म्हणजे पैसे पाण्यात. बाळ महिन्या-दीड महिन्यात त्या मापातून बाहेर पडतं. बहिणीला तेच सांगितलं, सेल असू दे नाहीतर नसू दे, नवजात मापाचा एकच छोटा पुडा घे.

रस्त्यावर सुटे डायपर मिळतात, निम्म्याहून कमी दरात. मी एकदा घेतले. मांडीपाशी इलॅस्टिक सैल, एका बाजूला आतला थर गोळा झालेला, चादर रोज भिजायची. दोन लागायचे तिथं चार लागले. हिशोब बरोबरीत आला आणि चादरी धुवायच्या त्या वेगळ्या.

डायपर इतकं कसं शोषतो ते मला चुकून कळलं. धाकटीचा वापरलेला डायपर कपड्यांच्या ढिगातून सेमी मशीनमध्ये गेला. झाकण उघडलं तर ह्यांच्या गणवेशावर, माझ्या परकरावर, सगळीकडं साबुदाण्यासारखे बुळबुळीत कण. आत जे पांढरे दाणे असतात ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढून फुगतात. विसळून ते जात नाहीत, उलट आणखी फुगतात. कपडे तसेच उन्हात कडक वाळवून झटकले तेव्हा गेले. त्या दाण्यांमुळंच बाळाची कातडी कोरडी राहते, आणि रात्रभर एक डायपर पुरतो. रात्रीच्या झोपेची किंमत बारा रुपये असेल तर मला ती महाग वाटत नाही. लंगोटवाल्या आजीबाई रागावतील, रागावू देत.

पण "कोरडा वाटतो" म्हणून दिवसा सहा-सहा तास ठेवायचा नाही. तीन-चार तासांनी बदलायचा, शी झाली तर लगेच. आपल्या उन्हाळ्यात, पंखा गरम हवा फेकत असताना, डायपरखाली घामोळ्या येतातच. एप्रिल-मेमध्ये दुपारभर धाकटी उघडीच लोळायची, खाली मेणकापड आणि त्यावर जुनी सोलापुरी चादर. लाल चट्टे दोन-तीन दिवसांत गेले नाहीत किंवा पुरळ पसरलं तर घरगुती लेप थांबवून डॉक्टरांना दाखवा.

कचऱ्याचं थोडक्यात. शी संडासात टाकायची, डायपर गुंडाळून त्याच्याच पट्टीनं बंद करायचा, वर्तमानपत्रात बांधून घंटागाडीत द्यायचा. घनकचऱ्याच्या नियमांतही हे असंच, गुंडाळून ओल्या कचऱ्यापासून वेगळं द्यायला सांगितलंय. संडासात डायपर टाकू नका. आमच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी टाकला होता, चार बिऱ्हाडांनी मिळून प्लंबरचे पैसे दिले.

कापडी डायपर

बाहेरून पाणी न गळणारं आवरण, आत शोषणारी गादी. चारशे-पाचशेला एक. जाहिरातीत हे सगळ्यावरचं उत्तर असतं. आमच्याकडं दोन अडचणी आल्या.

पहिली, बोअरचं पाणी. नळाचं पुरत नाही तेव्हा आम्ही धुणं बोअरवर करतो. ते इतकं क्षाराचं, की साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा थर बसतो. तोच थर आतल्या गादीत बसतो. चार महिन्यांत गादी कडक झाली आणि शू आत मुरायच्या ऐवजी बाजूनं यायला लागली. कपडे मऊ करायचं द्रावण घातलं, त्यानं आणखी बिघडलं, कारण त्याचा चिकट थर शोषणं कमी करतो. पुरळावरच्या घट्ट मलमानंही तेच होतं. नळाच्या कोमट पाण्यात भिजवून, साबण न घालता दोन-तीनदा विसळल्यावर थोडी सुधारली.

दुसरी अडचण, किंमत. फक्त यावर राहायचं तर बारा-पंधरा लागतात, म्हणजे पाच-सात हजार एका हप्त्यात. दोन मुलांना वापरले तर वसूल होतात, पण पहिल्या बाळंतपणात घरात तेवढे सुटे पैसे कुणाच्या असतात?

मग गड्ड्यातला टॉवेल आठवला. आपल्या गावच्या चादरीसारखंच टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि कारखान्यांच्या गावात राहण्याचा एवढा फायदा तरी घ्यावा. किरकोळ विणचुकीचा सेकंड माल स्वस्तात मिळतो. मी सुती टेरीचे हातरुमालापेक्षा मोठे नॅपकिन दीड डझन घेतले, साडेचारशे रुपये झाले. नुसती आवरणं चार घेतली, बाराशेची. नॅपकिन तीन पदरी करून आवरणात ठेवायचा. ओला झाला की नॅपकिन बदलायचा, आवरण शीनं माखलं नसेल तर पुसून तेच पुन्हा. एकूण खर्च साडेसोळाशे, साधारण एका महिन्याच्या डायपरइतका. अठरा लंगोटांच्या जागी आठ-नऊ नॅपकिन धुवायला आले. नॅपकिन जाड असतो, तरी दोन बादल्यांत भागायचं.

दोन गोष्टी सांभाळा. नवा टेरी पहिल्याच दिवशी शोषत नाही, त्यावर कारखान्याची खळ असते. वापरण्याआधी चार-पाच वेळा धुऊन वाळवा. आणि नॅपकिन उन्हात, आवरण सावलीत. मी पहिलं आवरण मेच्या उन्हात गच्चीवर टाकलं, आतलं प्लॅस्टिकसारखं अस्तर तडकलं आणि तीनशे रुपये गेले.

तर कुणी काय घ्यावं

स्वतःचं घर, गोडं पाणी, हौद भरलेला आणि सासू-आई हाताशी: पहिले तीन महिने लंगोट, रात्री हवं तर डायपर. याहून स्वस्त काही नाही.

भाड्याच्या दोन खोल्या, एक बॅरल, पाचव्या दिवशी पाणी: दिवसा आवरण आणि नॅपकिन, रात्री एक डायपर, बाहेर जाताना एक. महिन्याला चारशे-साडेचारशे रुपये. धाकटीला आम्ही हेच केलं.

नोकरीवर लवकर परतायचं असेल तर बाळाला सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. पाळणाघरात बहुतेक ठिकाणी डायपरच मागतात. तिथं विकतचाच द्या, घरी असताना नॅपकिन, आणि ते पैसे वाचवण्याच्या यादीतून सरळ काढून टाका.

नळ नाही आणि टँकरवर भागवता? मग टँकरचे पैसे डायपरच्या पैशांशेजारी मांडा. त्या घरात डायपर स्वस्त पडू शकतो. हे वाचून नाक मुरडणाऱ्या बाईच्या अंगणात बहुतेक हौद असतो.

एक फरक मात्र पुढं दिसला. थोरल्याला आजी पायांवर बसवून "शूऽऽ" करायची, लंगोट ओला झाला की तोही कुरकुरायचा, आणि पावणेदोन वर्षांचा असताना सांगायला लागला. धाकटीला अडीच वर्षं लागली. ते डायपरमुळं की तिच्या स्वभावामुळं, यावर आमच्या घरात अजून भांडण होतं.

बहीण विजापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, पाणी खालच्या हौदातून चढवायचं. तिच्यासाठी एक धोतर मी काढून ठेवलंय आणि नॅपकिन पाच पाण्यातून काढलेत. न्यायला ये म्हटलं, पण आमच्याकडं पाणी यायच्या दिवशी येऊ नकोस, त्या दिवशी मला बोलायलाही वेळ नसतो.