640 कर्जे, 4,80,000 रुपये आणि एकच मध्यस्थ

पी-टू-पी कर्जव्यासपीठाच्या, म्हणजे एका माणसाचे पैसे दुसऱ्याला कर्जाऊ मिळवून देणाऱ्या ऑनलाइन कंपनीच्या, ‘ऑटो’ (वाटप आपोआप करणाऱ्या) खात्यात मी फेब्रुवारी 2024 मध्ये 4,80,000 रुपये भरले. त्यांपैकी आजवर 1,31,400 रुपये मुद्दल परत आली असून उरलेल्या 3,48,600 रुपयांबद्दल ‘वसुलीची प्रक्रिया सुरू आहे’ एवढे एकच वाक्य मला दर महिन्याला पाठवले जाते. वकिलांनी बजावले असल्यामुळे कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. नाव कळून फारसा उपयोगही नाही, कारण या खात्यांची रचना सगळीकडे साधारण सारखीच असते.

मी कोपरखैरण्यात राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्याच्या हिशेब विभागात माझी सगळी नोकरी गेली. दामदुप्पट, साखळी योजना, सोन्याची भिशी यांच्या वाऱ्यालाही मी कधी उभा राहिलो नाही, त्यामुळे ‘लोभ नडला’ असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. ही कंपनी नोंदणीकृत होती. अशा व्यासपीठांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम 4 ऑक्टोबर 2017 पासून लागू आहेत, आणि बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत या कंपनीचे नाव मी स्वतः पाहिले होते. तेव्हा मुदत ठेवीवर सात टक्क्यांच्या आसपास मिळत असताना कंपनीचा ‘सरासरी साडेअकरा’ टक्के परताव्याचा आकडा अशक्य कोटीतला वाटला नाही, आणि नेमका म्हणूनच तो ठरवलेला असतो. त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी बारीक अक्षरांत असेही लिहिले होते की कर्जाच्या परतफेडीची कोणतीही हमी रिझर्व्ह बँक देत नाही. हे वाक्य छापणे नियमाने सक्तीचे आहे. वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत मात्र ते नव्हते.

मला पटला तो जोखीम विभागणीचा मुद्दा. कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितले, “सर, तुमची रक्कम 640 कर्जांत जाईल, प्रत्येकी फक्त 750 रुपये. एका कर्जात तुमच्या पैशाच्या 0.16 टक्क्यांहून जास्त रक्कम नसेल. चार-पाच जण बुडाले तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही.” मी कॅल्क्युलेटरवर भागाकार करून पाहिला आणि तो बरोबर आला. वाटप यंत्रणा करणार होती आणि परत आलेली मुद्दल पुन्हा आपोआप नव्या कर्जांत जाणार होती. माझे काम एकच, ‘मास्टर करारा’साठी ओटीपी देणे. कोणत्या कर्जदाराला पैसे द्यायचे, याला प्रत्येक धनकोची (कर्जासाठी पैसे देणाऱ्याची) स्वतंत्र संमती हवी, अशी नियमांत अट आहे. आमच्याकडून मात्र सगळ्या कर्जांसाठी एकदाच संमती घेण्यात आली. असा एकगठ्ठा ओटीपी कोणी मागितला, तर तेथेच उठून यावे.

आता जूनची गोष्ट, जी आठवली की आजही झोप उडते. हप्ते दर महिन्याच्या 15 तारखेला जमा होत. 15 जून 2024 ला 640 पैकी 144 कर्जांचे हप्ते वेळेवर आले आणि 496 कर्जांचे आले नाहीत. नंतर 21 तारखेला, शुक्रवारी सकाळी, ते 496 हप्ते एकदम जमा झाले, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. मी प्रतिनिधीला फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले, “सर, बकरी ईदची सुट्टी आली ना मध्ये.” सुट्टी सोमवारी, 17 तारखेला होती. 18 ला बँका उघड्या होत्या. आणि सुट्टी असलीच, तर ती त्या 144 जणांना का आडवी आली नाही? एकमेकांना न ओळखणारी माणसे एकाच दिवशी चुकत नाहीत आणि एकाच दिवशी सुधारतही नाहीत. त्यांचा पैसा कोणा एकाच्या हातातून येत असेल, तरच असे घडते. हे सगळे त्या दिवशी माझ्या समोर, माझ्याच मोबाइलवर होते. पण पैसे पूर्ण जमा झाले होते, व्याजही बिनचूक होते, आणि जमा झालेल्या पैशाबद्दल तक्रार करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. शिवाय कर्जांची यादी ॲपमध्ये एका पानावर दहाच नावे दाखवत असे. 640 नोंदी 64 पाने उलटून कोण ताडून पाहणार होते?

16 ऑगस्ट 2024 रोजी रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. ‘केव्हाही पैसे काढा’ यासारख्या सोयी आणि मुदतीनुसार ठरावीक परताव्याची जाहिरात यांना मनाई झाली, आणि मुद्दल किंवा व्याज बुडाल्यास तोटा धनकोचाच हेही स्पष्ट झाले. आमच्या कंपनीने ‘केव्हाही काढा’चे बटण काढून टाकले आणि दोष नियमावर ढकलला. ऑक्टोबरमध्ये हप्ते थांबले. पुन्हा तेच गठ्ठ्याने.

तेव्हा चार ई-मेल लिहून, भांडून, मी पहिल्या वाटपाची एक्सेल यादी मिळवली. कर्ज क्रमांक सगळे वेगळे होते, पण त्यांच्या शेवटी -01, -02, -03 अशी शेपटी होती. शेपटी काढून यादी पुन्हा लावली, तेव्हा 640 कर्जांचे कर्जदार अवघे 57 निघाले. 496 कर्जे, म्हणजे 3,72,000 रुपये, केवळ 11 जणांच्या नावावर होती, आणि ते अकराही जण दुकानदारांना उधारीवर माल पुरवणाऱ्या एकाच मध्यस्थ संस्थेमार्फत आलेले होते. सर्वांत मोठ्या कर्जदाराकडे माझ्या 64 तुकड्यांचे 48,000 रुपये होते. 0.16 टक्के सांगितले होते. प्रत्यक्षात दहा टक्के. 640 हंडे दाखवले, विहीर एकच होती, आणि ती आटली.

कंपनीचे लेखी उत्तर मासलेवाईक आहे. एका धनकोचे एका कर्जदाराकडे सर्व व्यासपीठे मिळून 50,000 रुपयांहून अधिक नसावेत, असा नियम आहे. 48,000 हे त्याहून कमी असल्याने ‘कोणताही भंग झालेला नाही’. ही मर्यादा 20 लाख गुंतवणाऱ्याला थोडेफार संरक्षण देत असेल, पण साडेचार-पाच लाखवाल्याला ती दहा जणांत संपवण्याची मुभाच देते. आणि हप्ता कर्जदाराकडून विश्वस्ताच्या देखरेखीखाली वेगळ्या ठेवलेल्या (एस्क्रो) खात्यात जायला हवा असताना तो आधी मध्यस्थाच्या खिशात कसा गेला, या प्रश्नाला त्या उत्तरात एक ओळसुद्धा नाही.

याहून अधिक लाज एका गोष्टीची वाटते. ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या माझ्या साडूंनी माझ्या शब्दावर 1,50,000 रुपये भरले होते. आम्ही दोघांच्या याद्या शेजारी ठेवल्या, तेव्हा ते अकराही क्रमांक त्यांच्या यादीत निघाले. म्हणजे घरातील दोन खाती ही विभागणी समजत असाल, तर तीही नाही. साडू काही बोलत नाहीत. मेहुणीने मात्र दिवाळीच्या फराळाला सर्वांसमोर विचारले.

तक्रारीची कथा तर स्वतंत्रच आहे. आमच्या भागातील पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून अर्जावर शिक्का मारायलाही तयार नव्हते. फार विनवल्यावर आवक क्रमांक मिळाला. तेथून विशेष शाखेकडे धाडले. तेथील अधिकाऱ्यांनी विचारले, “एकट्याचे साडेतीन लाख? आणखी लोक जमवून या.” लोक जमवणे हे माझे काम आहे की धनकोंची यादी मागवू शकणाऱ्या यंत्रणेचे? हेल्पलाइनवर सांगितले की पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवले, ही सायबर फसवणूक नव्हे. वरच्या एका तक्रार कक्षाने कंपनी त्यांच्या तक्रार निवारण ‘योजनेच्या कक्षेत येत नाही’ असा दोन ओळींचा संदेश पाठवून प्रकरण बंद केले आणि त्याखाली मला समाधानाचे तारांकन द्यायला सांगितले. नोंदणी द्यायला यंत्रणा आहे, आणि नोंदणी पाहून विश्वास ठेवणाऱ्याने दाद मागितली की प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवते. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने उन्हातान्हात फायली घेऊन किती जिने चढावेत?

प्राप्तिकराची आणखी एक चपराक आहे. मिळालेले व्याज ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून पूर्ण दाखवावे लागते आणि बुडालेली मुद्दल त्यातून वजा करता येत नाही. ‘निव्वळ परतावा’ म्हणून ॲप जो आकडा दाखवते, त्यात हे धरलेलेच नसते; जुनी थकबाकी नव्या कर्जांच्या गर्दीत झाकली जाते, तोवर तो आकडा छानच दिसतो.

ज्यांचे पैसे अशा खात्यात आहेत, त्यांनी आजच आपोआप पुनर्गुंतवणूक बंद करावी. पूर्ण यादी एक्सेलमध्ये मागावी, ॲपमधील वर्तुळाकार आलेख पाहून समाधान मानू नये. यादी कर्जदारानुसार, पिनकोडनुसार आणि कर्ज कोणामार्फत आले त्यानुसार लावून बेरीज करावी. यादी द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजावे. हप्ते गठ्ठ्याने उशिरा येत असतील, तर पूर्ण जमा झाले म्हणून गप्प बसू नये. करारात वाद न्यायालयाऐवजी लवादाकडे नेण्याचे कलम असते, आमच्या करारात ठिकाण बेंगळुरू आहे, पण त्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ज्यांचे हप्ते ऑक्टोबर 2024 च्या सुमारास थांबले, त्यांनी ही मुदत वकिलाकडून तपासून घ्यावी आणि कंपनीच्या ‘वसुली सुरू आहे’ या पत्रांवर विसंबून ती हातची जाऊ देऊ नये.