पाळणाघराचे शुल्क, शिक्षणकर्जाचा हप्ता आणि तीन रकान्यांची वही : सोळा महिन्यांच्या वापरानंतर

मुलगा अकरा महिन्यांचा असताना आम्ही त्याला पाळणाघरात घातले, आणि त्याच दिवशी मी एक वही उघडली. पहिल्या रकान्यात मुलाच्या सांभाळावर होणारा सगळा खर्च, दुसऱ्यात माझ्या स्वतःच्या शिक्षणकर्जाचा हप्ता आणि तिसऱ्यात मुलाच्या उच्च शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, अशी साधी रचना होती. तिन्ही खर्च शेजारी शेजारी लिहावेत असे वाटण्याचे कारण म्हणजे पहिले दोन हप्ते आमच्या खात्यातून एकाच आठवड्यात जात असत आणि त्यामुळे तिसरा कधीच जात नसे. ही पद्धत सोळा महिने सलग वापरल्यानंतर तिचे फायदे, उणिवा आणि तिने आम्हाला घ्यायला लावलेले निर्णय येथे मांडत आहे.

पहिला रकाना भरायला सर्वांत सोपा वाटला होता, पण त्यानेच सर्वांत जास्त शिकवले. प्रवेश घेताना आम्ही मासिक शुल्काची तुलना केली होती. प्रत्यक्षात त्याच्या मागोमाग प्रवेशशुल्क, अनामत, घ्यायला जाण्यास उशीर झाला तर आकारला जाणारा दंड, डायपर, कपड्यांचे जादा जोड, रोजची दोन वेळची ये-जा आणि पाळणाघर बंद असण्याचे दिवस येतात. शिवाय पाळणाघरात जाऊ लागल्यावर पहिल्या वर्षी मूल वारंवार आजारी पडते, ताप असताना त्याला तेथे घेत नाहीत, आणि त्या दिवसांचे शुल्क मात्र भरावेच लागते. सोळा महिन्यांत आमच्याकडे असे सत्तावीस दिवस भरले. त्यांपैकी अकरा दिवस मी किंवा माझ्या पतींनी बिनपगारी रजा घेतली, आणि कापला गेलेला पगार मी पहिल्या रकान्यातच लिहिला. सगळे धरून हिशेब केला तेव्हा दर १०० रुपये शुल्कामागे आमचे आणखी ४१ रुपये जात होते. पाळणाघर निवडणाऱ्यांना मी पहिली सूचना हीच करीन की, मासिक शुल्काबरोबर बंद दिवसांची वार्षिक यादी, उशिराच्या दंडाचा नियम आणि अनामत परत मिळण्याची अट लेखी मागून घ्यावी. अनामतीची अट आम्ही विचारली नव्हती. आम्ही आधी लावलेले एक पाळणाघर दोन आठवड्यांत बदलावे लागले तेव्हा ती रक्कम बुडाली, आणि ती नोंद आजही पहिल्या पानावर आहे.

इतका खर्च का येतो, हा प्रश्न मी सध्याच्या पाळणाघराच्या संचालिकाबाईंना एकदा स्पष्टपणे विचारला. त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले की तान्ह्या मुलांच्या गटात एका ताईकडे चारच मुले असतात, म्हणजे प्रत्येक घराला एका माणसाच्या पगाराचा चौथा हिस्सा उचलावा लागतो, आणि जागा, वीज, स्वच्छता, रजेवरच्या ताईच्या जागी येणारी मदतनीस हे सर्व त्यावर चढते. एवढे करूनही ताईंना मिळणारा पगार त्यांच्या कामाच्या मानाने अपुराच आहे, हे त्यांनी लपवले नाही. पालकांना आणखी देणे झेपत नाही आणि सांभाळणाऱ्यांचे त्याहून कमीत भागत नाही, अशी ही कोंडी आहे. १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी रंगमंचीय कलांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना या कोंडीचे मूळ दाखवून दिले होते. यंत्रांमुळे कारखान्यातील एका कामगाराचे उत्पादन वाढत जाते, तसे चार वादकांच्या संगीतरचनेचे वाढत नाही. तिला तेवढेच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. पगार मात्र इतर क्षेत्रांच्या बरोबरीने वाढवावे लागतात. मूल सांभाळणे आणि विद्यार्थ्यांना शिकवणे ही दोन्ही कामे त्याच जातीची आहेत. पाळणाघर आणि महाविद्यालय यांचा खर्च इतर वस्तूंपेक्षा वेगाने का चढतो, हे मला या स्पष्टीकरणानंतर कळले, आणि ताईंच्या पगारवाढीसाठी शुल्क वाढल्याची सूचना आली तेव्हा मी ती राग न धरता वहीत लिहिली.

ही कोंडी एकट्या कुटुंबाने फोडावी असे सर्वत्र मानले जात नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये अनुदानित पाळणाघरांसाठी ठरावीक अल्प दैनिक शुल्काची पद्धत सुरू केली. स्वीडनमध्ये २००२ पासून शुल्काला कमाल मर्यादा आहे, आणि ती पहिल्या मुलासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३ टक्के, दुसऱ्यासाठी २ टक्के, तर तिसऱ्यासाठी १ टक्का इतकी असते. माझ्या वहीतला पहिला रकाना आमच्या दोघांच्या एकत्रित उत्पन्नाच्या २४ टक्क्यांवर होता. ही दोन टक्केवारी शेजारी लिहिल्यावर मला आमच्या ओढाताणीचा दोष केवळ आमच्या नियोजनाला देणे थांबवता आले, आणि हा या वहीचा मला झालेला मोठा उपकार आहे.

पाळणाघराविषयी बोलताना जवळजवळ प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारत असे की, माझा निम्मा पगार त्यात जात असेल तर मी नोकरी कशासाठी करते. हा प्रश्न माझ्या पतींना कोणी विचारला नाही. पहिले तीन महिने मीही नकळत ते शुल्क माझ्याच पगारातून वजा करून पाहत होते. चौथ्या महिन्यात आम्ही दोघांनी बसून ठरवले की मूल दोघांचे असल्यामुळे तो खर्च दोघांच्या मिळून होणाऱ्या उत्पन्नातून वजा होईल. नोकरी सोडली असती तर आजचा पगार गेला असताच, शिवाय पुढील वेतनवाढी, निवृत्तीसाठीची बचत आणि अनुभवाची सलगता गेली असती, आणि यांपैकी कशाचीही नोंद कोणत्याही पावतीवर होत नाही. २०२३ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार ज्यांना मिळाला त्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवले आहे की एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांच्या कमाईत आज दिसणारी तफावत बहुतांशी पहिल्या मुलाच्या जन्मापासून सुरू होते. स्त्रीच्याच पगाराशी शुल्काची तुलना करण्याची ही सवय त्या तफावतीला हातभार लावते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दुसऱ्या रकान्यात नवीन काही नव्हते, कारण हप्ता दरमहा तोच होता. तरीही तो लिहिताना मी कर्जाची जुनी कागदपत्रे काढली आणि जो हिशेब कर्ज घेताना करायला हवा होता तो प्रथमच केला. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या सुरुवातीला २५ याप्रमाणे एकूण १०० उचलले, व्याजदर १० टक्के आहे आणि शिक्षण चालू असताना काहीच भरले नाही. सरळव्याजानेच शिक्षण संपेपर्यंत २५ व्याज साचते आणि पहिला हप्ता भरण्याआधीच देणे १२५ होते. ते पुढे दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांत फेडले तर एकूण सुमारे १९८ परत जातात. शिक्षण चालू असतानाच ते व्याज भरत गेले असते तर एकूण परतफेड सुमारे १८४ झाली असती. कर्ज घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि पालकाला कोणीतरी हे एवढे गणित सही करण्यापूर्वी कागदावर मांडून दाखवायला हवे, असे मला मनापासून वाटते. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये वेगळा मार्ग काढला. तेथे विद्यार्थ्याचे उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर गेल्यावरच करव्यवस्थेमार्फत वसुली होते. माझ्या बाळंतपणाच्या रजेत उत्पन्न घटले तेव्हा माझा हप्ता मात्र पूर्ण जात होता. त्या महिन्यांत या फरकाचा अर्थ मला नीट समजला.

तिसरा रकाना पहिले सात महिने रिकामा होता, आणि तो रिकामा दिसणे हेच या वहीचे खरे काम ठरले. शिक्षणाचा खर्च वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला तर तो नऊ वर्षांत दुप्पट आणि अठरा वर्षांत चौपट होतो. आज बाजूला ठेवलेले १०० जर ६ टक्क्यांनीच वाढले, तर तेवढ्याच काळात त्यांचे सुमारे २८५ होतात, म्हणजे बचत करूनही मोठी तूट उरते. याहून महत्त्वाचा मुद्दा उशिराचा आहे. दरवर्षी सारखीच रक्कम अठरा वर्षे ठेवण्याऐवजी पहिली तीन वर्षे काहीच ठेवले नाही तर काळाचा सहावा हिस्सा गमावला जातो. पण ८ टक्के वाढ धरली तर अंतिम रकमेचा चौथ्याहून जास्त हिस्सा हातचा जातो, आणि तो भरून काढायला पुढची पंधरा वर्षे दरवर्षी सुमारे ३८ टक्के जास्त ठेवावे लागतात. जी वर्षे बचतीला सर्वांत फलदायी असतात, तीच पाळणाघर गिळून टाकते. पाळणाघराचे शुल्क आणि महाविद्यालयाचे शुल्क यांना अठरा वर्षांच्या अंतरावरचे वेगवेगळे खर्च समजण्याची माझी चूक होती. पहिला खर्च दुसऱ्याची किंमत वाढवत असतो.

या गणितात एक उणीव आहे आणि ती मान्य करायलाच हवी. अठरा वर्षांनंतरचे शुल्क टक्केवारीने सांगता येत नाही, कारण ते धोरणावर अवलंबून असते. इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंड शुल्क सुरू झाले आणि २०१२ मध्ये त्याची कमाल मर्यादा ९,००० पौंड झाली. याउलट जर्मनीतील ज्या राज्यांनी सर्वसाधारण शुल्क लावले होते, त्यांतील शेवटच्या राज्यानेही ते २०१४ मध्ये काढून टाकले. म्हणून तिसऱ्या रकान्यातील अंदाज मी दर सहा महिन्यांनी पेन्सिलीने नव्याने लिहिते आणि बाजूला ठेवलेली रक्कम तेवढी शाईने लिहिते.

आठव्या महिन्यात मुलगा दीड वर्षाचा झाला आणि मोठ्या गटात गेला. तेथे एका ताईकडे आठ मुले असल्यामुळे शुल्क कमी झाले. वही नसती तर तो फरक घरखर्चात विरून गेला असता, जसा पूर्वी माझ्या वेतनवाढीचा प्रत्येक वेळी विरला. त्या दिवशीच आम्ही बँकेला कायमची सूचना दिली आणि तेवढीच रक्कम दरमहा, शुल्क जाण्याच्याच तारखेला, तिसऱ्या रकान्यात जाऊ लागली. हातात येणारी रक्कम पूर्वीइतकीच राहिली, म्हणून आम्हाला वेगळी काटकसर करावी लागली नाही. कोणाला या अनुभवातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्यावी, असे मी म्हणेन.

वहीच्या उणिवाही आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत आम्ही प्रत्येक खर्चाकडे संशयाने पाहू लागलो होतो, आणि औषधाच्या एका नोंदीवरून झालेला वाद आम्हा दोघांनाही लागला. त्यानंतर नोंद रोज करायची, पण चर्चा महिन्यातून एकदाच करायची, असे ठरवले आणि ते टिकले. ज्यांचे उत्पन्न दरमहा कमीजास्त होते त्यांना ही रचना जशीच्या तशी उपयोगी पडणार नाही. त्यांनी तिमाही बेरीज धरणे बरे. आणि ज्या घरात पहिल्या रकान्यानंतर काहीच उरत नाही, तेथे वही पैसे निर्माण करत नाही, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत मोठी त्रुटी मात्र माझ्या लिहिण्यात होती. मुलाच्या सत्तावीस आजारी दिवसांपैकी सोळा दिवस माझी आई येऊन राहिली आणि त्या दिवसांसमोर मी कित्येक महिने शून्य लिहीत होते. पाळणाघर नसताना जे काम फुकट होते म्हणून मोजले जात नव्हते, तेच मीही मोजत नव्हते. हे लक्षात आल्यावर मी त्या दिवसांची रक्कम लावायला घेतली तेव्हा आई म्हणाली, ‘माझ्या दिवसांचे पैसे लिहू नकोस, दिवस लिही.’ आता वहीत चौथा रकाना आहे आणि त्यात आईच्या नावापुढे तारखा आहेत. माझ्या कर्जाचे एक्केचाळीस हप्ते उरले आहेत. शेवटचा हप्ता गेल्यानंतरच्या महिन्यापासून ती रक्कम तिसऱ्या रकान्यात जावी, असे पत्र आम्ही दोघांनी सही करून वहीच्या मागच्या पानात ठेवले आहे.