कोपरातील दबलेल्या नसेची शस्त्रक्रिया: पुण्यातील रुग्णालयाचा अनुभव
कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर नस (करंगळीकडे जाणारा मज्जातंतू) दबल्यामुळे माझी करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू सतत बधिर राहत असे. शर्टाचे बटण लावतानाही ते चिमटीतून निसटत असे. नर्व्ह कंडक्शन तपासणीचा (नसेतून संदेश किती वेगाने जातात ते मोजणारी तपासणी) अहवाल समोर ठेवून, इजा झालेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढते, त्यामुळे बोटांतली जाणीव परतायला काही महिने लागू शकतात, हे सर्जननी शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट सांगितले, आणि या प्रामाणिकपणाचे मोल मला फार वाटते. शस्त्रक्रियेनंतर रात्रीच्या मुंग्या लवकर थांबल्या. पकड सावकाश सुधारते आहे. फिजिओथेरपिस्ट ताईंनी व्यायाम चिकाटीने करवून घेतले, व्रण हलक्या हाताने कसा चोळायचा तेही दाखवले. विमा विभागाने मात्र डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवले. हात झोळीत असलेल्या रुग्णाला सह्यांसाठी खिडकीखिडकीवर फिरवणे अजिबात योग्य नाही.